कॅरिगदूची सोनेरी आर

१

मंगळवार, दिनांक १ मे १८३८. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. कॅरिगदूच्या नाइटच्या अभ्यासिकेतील ओकची पेटी उघडली गेली, तेव्हा तिच्यात तीनऐवजी दोनच वस्तू होत्या. तलवार जागेवर होती. चांदीचा पेलाही होता. सोन्याचा मुलामा दिलेली आर नव्हती.

घोडेस्वाराने बुटाच्या टाचेला बांधायची ती आर पाचशे वर्षांपूर्वी कॉंडन घराण्याच्या मूळपुरुषाला रणांगणावर मिळाली होती. तिच्याबरोबरच मिळालेली नाइटकी बापाकडून थोरल्या मुलाकडे चालत आली होती. ती देणे किंवा काढून घेणे कोणत्याही राजाच्या हाती नव्हते. निवडणुकीच्या दिवशी नाइटने ती आर डाव्या पायात बांधून घोड्यावरून मतदानाच्या चौकात यायचे, हा रिवाज होता. संसदेच्या जागेचे मतदान शुक्रवारी होते आणि नाइट उमेदवार होते.

पेटी उघडणारे नाइट पिअर्स कॉंडन सदुसष्ट वर्षांचे होते. तरुणपणी डब्लिनच्या आणि पुढे लंडनच्या संसदेत मिळून त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे काढली होती. कॅथलिकांच्या हक्कांसाठी मत दिल्यामुळे स्वतःच्याच जमीनदार वर्गाने त्यांना दोनदा पाडले होते, आणि दोन्ही वेळा ते तक्रार न करता घरी परतले होते. या हिवाळ्यापासून त्यांच्या छातीत कफ साचला होता.

शेजारी उभा असलेला कॉर्मॅक शीही बंदरे बांधणारा निवृत्त इंजिनिअर होता. झाडाखालच्या शाळेतला त्याचा हिशेब पाहून नाइटनीच त्याला पंधराव्या वर्षी डब्लिनला शिकायला पाठवले होते. पुढे बावीस सालच्या उपासमारीत नाइटनी लंडनला सहा आठवडे मंत्र्यांच्या दारात बसून कॅरिगदूच्या धक्क्याचे काम मंजूर करून आणले. तो धक्का कॉर्मॅकने बांधला. मजुरी ओटच्या पिठात मिळाली आणि गाव जगले.

त्या सकाळी तो गावातून चालत वर आला, तेव्हा एकाही धुराड्यातून धूर निघालेला नव्हता. तोही घरून चहा न घेताच निघाला होता.

"काल रात्री मी स्वतः ठेवली होती," नाइट म्हणाले. "मर्टाग लोहाराने तिचं तुटलेलं कडं सांधून आणलं. मी हातात घेतली, पुसली, ठेवली."

"किल्ली?"

"खिळ्याला. बापाच्या वेळेपासून तिथेच. या घरात चोरायला येणार कोण, कॉर्मॅक? चोराला आम्हीच काहीतरी देऊन पाठवावं अशी आमची परिस्थिती."

ते हसले आणि त्यांना खोकला आला. जुनी दासी शिवॉन हिने टेबलावर ठेवलेला पाण्याचा पेला त्यांनी तोंडाला लावला.

"शिवॉन आज हट्टालाच पेटली. म्हणे, चहाआधी हे पाणी सगळं संपवा. गोड आहे मात्र."

कॉर्मॅकने पेल्याकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. त्या खिडकीतून मागची फळबाग आणि तिच्यातून स्वयंपाकघराकडे येणारी पायवाट दिसत होती. नाइटनी निरोप धाडला आणि तासाभराने पोलीस सार्जंट क्रो दार वाजवून आत आला.

"चोर सापडला, नाइटसाहेब," तो म्हणाला. "तुमचाच लोहार."

२

मर्टाग हार्नेडीला तबेल्याशेजारच्या खोलीत बसवले होते. दारातून तिरके होऊन शिरावे लागेल एवढा तो माणूस रुंद होता आणि त्याहूनही गप्प होता.

त्याच्याविरुद्धचा पुरावा साधा होता. आर शेवटी त्याने हाताळली होती. पहाटे साडेपाचच्या सुमारास कोटाखाली काहीतरी दडवून तो फळबागेतून जाताना नाइटच्या निवडणूक प्रतिनिधीने पाहिला होता. आणि त्या वेळी आपण तिथे का होतो, हे सांगायला तो तयार नव्हता. घरातल्या साऱ्यांच्या आणि फाटकातून जाणाऱ्यांच्या अंगाची झडती झाली, खोल्या पाहिल्या गेल्या, लोहाराची भट्टीही उकरून झाली. आर कुठेच नव्हती.

"कुठे होतास रे पहाटे?" कॉर्मॅकने विचारले.

"चालत होतो."

"तुला चालायची हौस कधीपासून? देवळात जायलासुद्धा तू गाडी जोडतोस."

मर्टागने जमिनीकडे पाहिले. त्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या आणि उजव्या मनगटावर शेवाळाची बारीक हिरवी पाने चिकटली होती.

"काका, मला विचारू नका. चोरी मी केली नाही. त्यापलीकडे माझ्याकडे बोलायला काही नाही."

"सार्जंट उद्या सकाळी तुला जिल्ह्याच्या तुरुंगात नेतोय. सात वर्षं काळ्या पाण्यावर, ऑस्ट्रेलियाला. बायको आणि चार पोरं इथे."

"तिकडेही घोडे असतीलच. घोड्यांना नाल लागतातच."

"विनोद करतोयस?"

"नाही," मर्टाग म्हणाला. "पण सांगितलं तर या गावात मी तोंड कुठे दाखवू? त्यापेक्षा बोट बरी."

बाहेर मर्टागचा बाप, दोन भाऊ आणि दोन चुलतभाऊ भिंतीला टेकून उभे होते. मर्टाग धरून हार्नेड्यांची मते सहा. गेल्या वेळची सहाही मते नाइटना मिळाली होती.

"इंजिनिअरसाहेब," म्हातारा हार्नेडी म्हणाला, "बावीस साली आम्ही नाइटच्या पिठावर जगलो. ते विसरलो नाही. पण ज्या घराने माझ्या पोराला बेड्या घातल्या, त्या घराचं नाव शुक्रवारी चारचौघांत मी कोणत्या तोंडाने घेऊ?"

मत तोंडाने, मोठ्याने, सगळ्यांदेखत द्यायचे असते. आणि विरोधी उमेदवार कर्नल बॅग्नेलची माणसे सकाळपासून बाजारात सांगत होती की नाइट म्हातारा झाला, आता आपल्याच कुळांना तुरुंगात पाठवू लागला.

३

निवडणूक प्रतिनिधी लेनर्ड थॉर्नली लंडनचा होता. सप्टेंबरात आला, आणि आठ महिन्यांत त्याने मतदारांची अशी चोख बांधणी केली की नाइट त्याला "माझा उजवा हात" म्हणू लागले. त्याची खोली समुद्राच्या बाजूला होती. घरात सगळीकडे दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या ढेपा जळत. थॉर्नलीच्या शेगडीत मात्र खास त्याच्यासाठी आणलेला दगडी कोळसा होता.

"तुमच्या त्या टर्फच्या धुराने माझा घसा धरतो," त्याने हसत सांगितले. "बसा ना, मिस्टर शीही. वाईट झालं हो. लोहार मला आवडायचा."

"तुम्ही त्याला पाहिलं कुठून?"

"रस्त्यावरून. फळबागेच्या खालच्या कुंपणापाशी होतो."

"इतक्या पहाटे?"

"रोजचा फेरफटका. तुम्हाला माहीतच आहे, माझी पाइपशिवाय सकाळ होत नाही. वळणावरच्या त्या विधवेकडे, ग्रान्याबाईंकडे गेलो, चुलीतला निखारा घेऊन पाइप पेटवला आणि ओढत ओढत वर आलो. तेवढ्यात तो बागेतून जाताना दिसला."

कॉर्मॅकने आपला पाइप तोंडात धरला होता, तो काढून खिशात ठेवला.

"बरं," तो म्हणाला.

"भट्टीची झडती पुन्हा घ्यायला हवी," थॉर्नली म्हणाला. "उद्या सकाळी, तुरुंगात नेण्याआधी. आज सार्जंटने घाई केली. नीट शोधलं तर सापडेल, माझं मन सांगतं."

"तुमचं मन उद्याचंच का सांगतं? आज दुपारी शोधू की."

"आज… आज गावात सण आहे ना काहीतरी. लोकांना दुखवायचं कशाला, निवडणुकीच्या तोंडावर."

उत्तर शहाणपणाचे होते. कॉर्मॅकने मान डोलावली. उठताना त्याने खिडकीबाहेर पाहिले. तिथून समुद्र दिसत होता, धक्का दिसत होता, आणि दुसरे काहीही दिसत नव्हते.

४

ग्रान्या टूहीचे घर रस्त्याच्या वळणावर, सार्वजनिक झऱ्यापासून दगडफेकीच्या अंतरावर होते. दारात मेच्या सणासाठी काट्याच्या झुडपाला पिवळी फुले आणि अंड्यांची टरफले बांधली होती. ती सत्तरीची होती आणि तिला ऐकू कमी येते असा तिचा दावा होता. तो सोयीनुसार खरा असे.

"ये बाबा कॉर्मॅक. बायकोने घरातून हाकललं वाटतं."

"बायको जाऊन नऊ वर्षं झाली, ग्रान्याबाई."

"म्हणजे सुटली बिचारी. बस."

तिने त्याला भाकरी दिली, वर लोणी दिले. त्याने चुलीतून निखारा उचलून पाइप पेटवला आणि सवयीने उठून दाराकडे निघाला.

"ए," ती म्हणाली. "खाली बस. पाइप संपवायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. डब्लिनला शिकलास म्हणून काय अक्कल तिकडेच ठेवून आलास?"

"चुकलो," कॉर्मॅक म्हणाला आणि गुपचूप बसला. दारामागे सकाळचा केर तसाच साठवून ठेवला होता. "आज पहाटे तुमच्याकडे कोणी आलं होतं?"

"आज? आज कोण कोणाच्या दारात जातं? तो थॉर्नली एरवी येतो, गोड बोलतो, निखारा घेतो, जातो. आज फिरकला नाही. आला असता तर चिमटा तापवून दिला असता."

"आणि झऱ्यावर? सगळ्यात आधी तुम्हीच गेला असाल."

ग्रान्याला एकाएकी ऐकू येईनासे झाले. कॉर्मॅकने पाइप संपेपर्यंत वाट पाहिली. मग ती आपणहून बोलली.

"मी गेले तर झऱ्यात पाणी नेल्याची खूण म्हणून गवताची जुडी टाकलेली. कोणीतरी माझ्याआधी पहिलं पाणी नेलं होतं. सबंध गावाचं वर्षाचं भाग्य असतं आजच्या त्या वरच्या पाण्यात. नेणाऱ्याला मी तिथेच सात पिढ्यांचा शाप दिला असता."

"दिला नाहीत?"

"तोंड उघडलं होतं. मग लांबून त्याची पाठ दिसली. अशी रुंद पाठ गावात एकच. आणि ती पाठ आपल्या घराकडे वळली नाही, वर वळली, मोठ्या घराकडे." तिने चुलीत ढेप सारली. "मग तोंड मिटलं. बावीस साली माझ्या तीन पोरी त्या धक्क्यावर दगड वाहत होत्या. तिघी अजून जिवंत आहेत."

परत येताना कॉर्मॅक मोठ्या घराच्या मागच्या दाराने शिरला. नाइटची जुनी दासी शिवॉन भांडी घासत होती.

"ते पाणी तूच दिलंस ना त्यांना?"

शिवॉनचा हात थांबला. "कुणाला बोलू नका, काका. बाटली त्याने माझ्या हातात दिली आणि म्हणाला, त्यांची छाती मोकळी होऊ दे. मी शपथ घेतलीय."

"बोलणार नाही. दुसरं सांग. आज थॉर्नली काय करत होता दिवसभर?"

"मागच्या अंगणात तीनदा चक्कर मारली. त्या राखेच्या खड्ड्यापाशी काठीने ढोसत उभे होते. साहेब लोकांना उकिरड्याशी काय काम असतं, देव जाणे."

कॉर्मॅक जिन्याखाली गेला. तिथे पाच बादल्या ओळीने ठेवल्या होत्या. त्याने त्यांना हात लावला नाही.

"सार्जंटला बोलाव," तो म्हणाला. "आणि सगळ्यांना दिवाणखान्यात."

५

संध्याकाळचे ऊन दिवाणखान्यात तिरपे पडले होते. नाइट खुर्चीत बसले होते. थॉर्नली खिडकीशी उभा होता. सार्जंटने मर्टागला आणले. त्याच्यामागून त्याचा बाप आणि, कोणी बोलावले नसताना, ग्रान्या टूही आली.

"मी पूल आणि धक्के बांधले," कॉर्मॅक म्हणाला. "बांधकाम कोसळलं की आम्ही एकच विचारतो: भार कुठल्या दगडावर होता? इथे सगळा भार एका वाक्यावर आहे. मिस्टर थॉर्नलींनी मर्टागला बागेत पाहिलं. ते वाक्य मला खरं वाटतं."

मर्टागच्या बापाने दचकून वर पाहिले.

"पाहिलं, हे खरं. प्रश्न एवढाच, कुठून पाहिलं? ते म्हणतात, रस्त्यावरून. ग्रान्याबाईंच्या चुलीवर पाइप पेटवून, तो ओढत येताना. मिस्टर थॉर्नली, वर्षातल्या बाकी कुठल्याही सकाळी मी यावर विश्वास ठेवला असता. पण तुम्ही सप्टेंबरात आलात. मेची पहिली तारीख तुम्ही इथे कधी पाहिली नाही. या दिवशी या मुलखात पहाटे पहिला धूर कोणी काढत नाही आणि घरातला विस्तव तर कोणीही बाहेर देत नाही. राजा आला तरी नाही. विस्तवाबरोबर वर्षाचं भाग्य घराबाहेर जातं."

"बाई म्हातारी आहे, तिला आठवत नसेल," थॉर्नली म्हणाला.

"मला तुझ्या टोपीला किती डाग आहेत तेही आठवतं, मेल्या," ग्रान्या म्हणाली.

"मग पाहिलं कुठून?" कॉर्मॅक पुढे बोलत राहिला. "तुमच्या खोलीतून समुद्र दिसतो. ती पायवाट दिसते अशी खिडकी या घरात एकच आहे, अभ्यासिकेची. पेटीजवळची. तुम्ही आर काढत होतात आणि खाली मर्टाग दिसला. चोरी कोणावर ढकलायची हे तुम्हाला तिथेच सुचलं. पण खिडकी सांगता येईना, म्हणून रस्ता सांगितलात. रस्त्यावर जायला कारण हवं, म्हणून पाइप सांगितलात."

"हे सगळे तर्क आहेत. आर कुठे आहे?"

"तुम्हीही दिवसभर तेच शोधताय. शिवॉन, त्या बादल्या आण."

शिवॉनने पाच बादल्या आणून ठेवल्या.

"झडती होणार हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून आर तुम्ही आपल्या शेगडीच्या राखेत पुरली. रोजच्याप्रमाणे शिवॉन सकाळी बादली उचलणार, राख मागच्या खड्ड्यात ओतणार, तिथून तुम्ही आर उचलून भट्टीत टाकणार आणि सार्जंट ती शोधून काढणार. योजना उत्तम होती. फक्त आज राख बाहेर गेलीच नाही. विस्तव जात नाही, तशी राखही जात नाही, केरही जात नाही. खड्ड्यात ती दिसली नाही, तेव्हा उद्या येईल असं तुम्ही धरलंत, म्हणून तुम्हाला झडतीही उद्याची हवी होती."

तो बादल्यांवर वाकला. चार बादल्यांत टर्फची मऊ, पिवळसर राख होती. पाचवीत काळे खडे आणि जळका कोळसा होता.

"या घरात दगडी कोळसा एकाच खोलीत जळतो," कॉर्मॅक म्हणाला. "सार्जंट, हात तुम्ही घाला. माझा नको."

सार्जंट क्रोने बाही वर केली. त्याचा हात कोपरापर्यंत गेला, थांबला, आणि सावकाश वर आला. राख झटकताच संध्याकाळचे ऊन त्या आरेवर पडले.

"कर्नलने काय देऊ केलं, लेनर्ड?" नाइटनी विचारले.

"बंदरावरची जकातीची जागा," थॉर्नली म्हणाला. "कायमची. तुमच्याकडून दरवेळी फक्त आभार मिळतात, नाइटसाहेब."

"खरं आहे. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच उरलंय." ते सार्जंटकडे वळले. "याला उद्याच्या गाडीत बसवून द्या. मला खटला नको. याने आठ महिने माझ्यासाठी मान मोडून काम केलं. तेवढ्याचे आभार अजून बाकी आहेत, ते यात फिटले."

मग ते उठले. मर्टागच्या बेड्या निघेपर्यंत ते त्याच्यासमोर उभे राहिले.

"मर्टाग, मी तुझी क्षमा मागतो. पण मला एक सांग, तू पहाटे होतास कुठे?"

शिवॉनने ॲप्रनचे टोक तोंडाला लावले. कॉर्मॅक खिडकीबाहेर पाहू लागला.

"कुठे असणार?" ग्रान्या मोठ्याने म्हणाली. "झऱ्यावर. पहिलं पाणी त्याने नेलं. आणि तुम्ही ते सकाळी प्यालात, नाइट, न विचारता."

म्हातारा हार्नेडी जागच्या जागी गोठला. "सगळ्या गावाचं पाणी, मर्टाग?"

"बाबा, त्यांचा खोकला मला भट्टीपर्यंत ऐकू येतो," मर्टाग म्हणाला. "मला दुसरं काय देता येणार होतं?"

सगळ्यांनी ग्रान्याकडे पाहिले. कारण ते पाणी, न्यायाने, पहिल्यांदा तिचे होते.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "गावाचं भाग्य गावातच आहे. एका घरी ठेवायला दिलंय, एवढंच. जपून खोका, नाइट, म्हणजे झालं."

नाइट पिअर्स कॉंडन यांनी दोन संसदांत चाळीस वर्षे भाषणे केली होती. त्या संध्याकाळी त्यांना एक वाक्य जुळवता आले नाही. त्यांनी लोहाराचा हिरवट डागांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

६

शुक्रवारी दुपारी चौकात वारा होता. नाइट घोड्यावरून आले. डाव्या टाचेला आर बांधलेली होती आणि तिच्या कड्याच्या सांध्यात थोडी काळी राख राहून गेली होती. ती पुसू नये असे त्यांनीच सांगितले होते.

मतदान संपत आले तेव्हा निवडणूक अधिकाऱ्याने आकडे वाचले. नाइट दोनशे एक, कर्नल बॅग्नेल एकशे शहाण्णव. सहा मतदार बाकी होते. कर्नलच्या माणसांनी एकमेकांना कोपर मारले. हार्नेडी आले नव्हते.

"सहाही कर्नलला गेली तर?" नाइटनी हळूच विचारले.

"एका मताने हरू," कॉर्मॅक म्हणाला.

"आणि तरी या आठवड्याबद्दल माझी देवाकडे तक्रार नसेल, बरं का."

भट्टीच्या बाजूने सहा माणसे चालत आली. पुढे म्हातारा, शेवटी मर्टाग. अधिकाऱ्याने विचारले, "कोणाला?"

म्हाताऱ्याने टोपी काढली. "नाइटला," तो म्हणाला, चौकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. त्याच्यामागून तोच शब्द आणखी पाचदा आला.

नाइट दोनशे सात. कर्नल बॅग्नेल एकशे शहाण्णव. मताधिक्य अकरा.